भेंडाची टोपी आणि पर्समधली ट्यूब

आपल्या भाषेत ऊन "लागतं". भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, तसंच ऊन लागतं. आणि त्याच उन्हात माणूस "रापतो". ही दोन क्रियापदं आपण कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. ऊन लागलेला माणूस आडवा पडतो, त्याच्या तळपायाला कांदा चोळतात, पन्हं पाजतात. रापलेला माणूस मात्र ठणठणीत असतो, फक्त त्याचा रंग गेलेला असतो. एकाची काळजी आजी करते, दुसऱ्याची लग्न जमवणारी आत्या! चौतीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला, पण या दोन शब्दांमधलं अंतर विज्ञानाला कळायला किती काळ लागला, ते निवृत्तीनंतर सवडीने वाचताना समजलं. त्याचीच ही गोष्ट. थोडी लांबेल, पण आमच्या घरातल्या सध्याच्या एका वादाशी तिचा संबंध आहे, तेव्हा नातेवाइकांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

सन १८००. विल्यम हर्शेल हा खगोलशास्त्रज्ञ (युरेनस शोधणारा तोच) इंग्लंडमध्ये लोलकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडून प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून बघत होता. तांबड्या रंगाच्या बाहेर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. न दिसणारी उष्णता सापडली. पुढच्याच वर्षी, १८०१ मध्ये, जर्मनीत येना इथे योहान रिटर नावाच्या तरुणाने विचार केला की एका टोकाला असं काही आहे तर दुसऱ्या टोकाला का नसावं? त्याने जांभळ्याच्या पलीकडे सिल्व्हर क्लोराइड ठेवलं. ते कुठल्याही दिसणाऱ्या रंगातल्यापेक्षा भराभर काळं पडलं. हे अतिनील किरण. म्हणजे तांबड्यापलीकडचं ते "लागणारं" ऊन आणि जांभळ्यापलीकडचं ते "रापवणारं" ऊन, अशी वाटणी वर्षभराच्या अंतराने झाली. मला तर ही फार सुंदर गोष्ट वाटते. वर्गात मुलांना सांगायला मिळाली असती तर काय मजा आली असती!

पण कागदावर वाटणी झाली म्हणून डॉक्टरांच्या डोक्यात ती लगेच उतरली नाही. एव्हरार्ड होम या लंडनच्या शल्यवैद्याने १८२० च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. काळा रंग उष्णता जास्त शोषतो, हे सर्वांना माहीत होतं. मग उष्ण देशांतल्या माणसांची कातडी काळी का? हा तर निसर्गाचा उफराटा कारभार झाला. होमने आपला एक हात उन्हात उघडा ठेवला आणि दुसऱ्यावर काळं कापड टाकलं. थर्मामीटरप्रमाणे कापडाखालचा हात जास्त तापला होता. पण फोड आले ते उघड्या हातावर! जास्त तापलेला हात शाबूत आणि कमी तापलेला भाजलेला. म्हणजे भाजणं हे उष्णतेचं काम नव्हे. पुढे १८५८ मध्ये पॅरिसच्या शार्को यांनी विजेच्या प्रखर ठिणगीपाशी प्रयोग करणाऱ्यांची कातडी उन्हाने भाजावी तशी लाल झालेली पाहिली आणि बोट त्याच दिशेला दाखवलं. १८८९ मध्ये स्वीडनच्या विडमार्क यांनी प्रयोगांनी ते पक्कं केलं. मोजा, रिटरपासून ८८ वर्षं.

आता या ८८ वर्षांत आणि त्यानंतरही बरीच वर्षं आपल्याकडे काय चाललं होतं?

आपल्याकडे इंग्रज होता आणि त्याच्या डोक्यावर सोला टोपी होती. पुष्कळांना वाटतं की "सोला" म्हणजे इंग्रजीतलं सूर्याचं "सोलर". तसं नाही. सोला किंवा शोला ही पाणथळ जागी वाढणारी वनस्पती. तिचा आतला पांढरा, हलका गाभा म्हणजे आपलं भेंड. लग्नातली बाशिंगं ज्याची करतात तेच. नवरदेवाच्या कपाळाला बाशिंग आणि कलेक्टरसाहेबाच्या डोक्याला टोपी, दोन्ही एकाच झाडाची! वजनाला कापसासारखी आणि आत हवा भरलेली, त्यामुळे उष्णता अडवायला खरोखरच चांगली. भारतात शल्यवैद्य म्हणून राहिलेल्या ज्यूलियस जेफ्रीज यांनी १८५८ मध्ये गोऱ्या सैनिकांचे कपडे आणि घरं या देशाच्या हवेला जुळणारी कशी असावीत, यावर आख्खं पुस्तक लिहिलं. १८५८ साल ध्यानात घ्या. बंड नुकतंच शमत आलेलं, गोरी फौज वाढवायची होती, आणि ती तलवारीने मरण्यापेक्षा तापाने आणि उन्हाने जास्त मरत होती.

इथपर्यंत शहाणपणाचं होतं. पण पुढे या टोपीचं व्रत झालं. उष्ण देशाचा सूर्य गोऱ्या माणसाची कवटी भेदून मेंदूत शिरतो, पाठीच्या कण्यात शिरतो आणि मज्जातंतू नासवतो, अशी समजूत डॉक्टरांनीच पसरवली. म्हणून कोटाच्या पाठीवर कण्याच्या रेषेत कापूस भरलेली पट्टी लावायची. टोपीशिवाय बाहेर पडलेल्या सोजिराला शिक्षा व्हायची. साहेबांच्या मुलांना टोपीशिवाय अंगणात सोडत नसत. १९०५ मध्ये चार्ल्स वुडरफ या अमेरिकी लष्करी डॉक्टरने उष्ण कटिबंधातल्या प्रकाशाचा गोऱ्यांवर काय परिणाम होतो यावर पुस्तक लिहून या भीतीला शास्त्राचा मुलामा दिला. त्याच्या मते गुन्हेगार उष्णता नव्हती, ते "रासायनिक किरण" होते. फोटोग्राफर अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावतात, कारण लाल प्रकाशाने काच खराब होत नाही. मग सैनिकांनाही लाल कपडे घातले तर? फिलिपिन्समधल्या अमेरिकी सैनिकांना खरोखरच नारिंगी-लाल आतले कपडे घालून वर्षभर तपासलं गेलं. १९१० मध्ये निष्कर्ष छापून आला: फायदा शून्य, उलट बिचारे जास्तच उकडून निघाले.

मला या माणसांचं हसू येतं, पण दुसरीकडे एक गोष्ट मानावी लागते. ज्ञान जवळजवळ सगळं चुकीचं होतं, पण सवय पक्की होती. शंभर वर्षं एकही साहेब बोडक्या डोक्याने बाहेर पडला नाही. का? नियम होता, शिक्षा होती, आणि त्याहून मोठं म्हणजे टोपी हे साहेबपणाचं चिन्ह होतं. ती काढली की साहेब आणि हमाल यांच्यात सूर्य फरक करीनासा झाला असता! दुसऱ्या महायुद्धात, ब्रह्मदेशच्या लढाईच्या काळात, लष्कराने ती टोपी हळूहळू सोडली आणि साध्या कापडी हॅटी आल्या. कुणाच्या मेंदूला काही झालं नाही. मायदेशी परतणारे साहेब पोर्ट सईदला टोपी समुद्रात फेकून देत, असं सांगतात. आपल्याकडे मात्र ती बरीच वर्षं टिकली. माझे वडील बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांची खाकी कापड चढवलेली सोला हॅट आमच्या अकोल्याच्या घरी खुंटीवर असे. साइटवर जाताना ते ती घालत. खाली खडी फोडणाऱ्या बाया डोक्यावरून पदर घेऊन त्याच उन्हात बसलेल्या असत.

आता गंमत बघा. पूर्वेकडे डॉक्टर सूर्यापासून पळायला सांगत होते, त्याच काळात युरोपात डॉक्टर सूर्याकडे धावायला सांगू लागले. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी प्रकाशाचा झोत टाकून कातडीचा क्षय बरा करून दाखवला आणि १९०३ चं वैद्यकाचं नोबेल मिळवलं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये रोलिए यांनी क्षयाच्या रोग्यांना डोंगरावर उन्हात झोपवून ठेवणारं इस्पितळ काढलं. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्यासमोर बसवून त्यांची हाडं सुधारलेली एक्स-रेवर दाखवली.

आणि या प्रकरणात आपलं नाशिक येतं! हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांचा नाशिक भागातल्या मुडदुसावरचा अभ्यास १९२२ मध्ये छापून आला. मुडदूस गरिबांचा, उपाशी पोटांचा रोग असणार, असं कुणालाही वाटेल. त्यांना आढळलं उलटंच. खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या घरांतल्या बायका-मुलांत मुडदूस होता. आणि ज्यांना धड खायला नव्हतं, पण आई शेतावर आणि पोर बांधावर, अशा घरांत तो जवळजवळ नव्हता. धान्य कमी पडलं तरी ऊन कमी पडत नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीचं हे नाशिकचं निरीक्षण आपल्या शाळेच्या एकाही पुस्तकात मला कधी दिसलं नाही. ते असो.

मग १९२० नंतर युरोपात रापणं ही फॅशन झाली. पूर्वी रापलेला म्हणजे शेतमजूर. कारखाने आल्यावर मजूर छपराखाली गेला, पांढराफटक पडला, आणि रापलेला म्हणजे समुद्रकिनारी सुट्टी परवडणारा असा अर्थ झाला. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना पगारी रजेचा कायदा झाला आणि त्याच वर्षी लॉरिआलच्या ओजेन शुएलेर या रसायनतज्ज्ञाने "आम्ब्र सोलेर" तेल बाजारात आणलं. कशासाठी? न भाजता छान रापता यावं म्हणून! सनस्क्रीनचा जन्म ऊन टाळण्यासाठी झालेला नाही, उन्हात जास्त वेळ पडून राहता यावं म्हणून झाला आहे, हे फार थोड्या जणांना ठाऊक असतं.

दुसरी जन्मकथा थंडीतली आहे. फ्रान्झ ग्रायटर हा ऑस्ट्रियातला रसायनशास्त्राचा विद्यार्थी १९३८ मध्ये पिझ बुइन या बर्फाच्या शिखरावर चढला आणि भाजून निघाला, असं सांगतात. हाडं गोठवणारी थंडी आणि तोंडावर फोड! होमच्या काळ्या कापडाचा प्रयोगच तो, फक्त डोंगराएवढा. १९४६ मध्ये त्याने "हिमनदीचं क्रीम" या अर्थाच्या नावाने मलम काढलं. आज ट्यूबवर जो एसपीएफचा आकडा असतो तो रूढ करण्यातही त्याचा मोठा वाटा. तिकडे अमेरिकेत बेंजामिन ग्रीन हा औषधविक्रेता महायुद्धात सैनिकांसाठी जनावरांच्या औषधातलं लाल व्हॅसलीन वापरत होता. त्यातून पुढे कॉपरटोन निघालं.

ऊन आणि कातडीचा कर्करोग यांचं नातं याच्या आधीच दिसू लागलं होतं. १८९४ मध्ये जर्मनीच्या उन्ना यांनी खलाशांच्या कातडीत, तर पुढे बोर्दोच्या दुब्रेय यांनी द्राक्षमळ्यात राबणाऱ्यांमध्ये ते पाहिलं. १९२८ मध्ये फिंडले यांनी उंदरांवर अतिनील किरण टाकून कर्करोग उत्पन्न करून दाखवला. तरी जग पुढची पन्नास वर्षं किनाऱ्यावर अंग भाजत पडलं होतं. माहिती आणि सवय यांची ही पहिली फारकत.

ती मिटवण्याचं काम मनापासून केलं एकाच देशाने, ऑस्ट्रेलियाने. त्यांना भागच होतं. बेटांवरची, ढगांखालची गोरी कातडी दीडशे वर्षांत उचलून जगातल्या सगळ्यात कडक उन्हात नेऊन ठेवलेली. १९८१ मध्ये तिथे टीव्हीवर एक नाचणारा समुद्रपक्षी आला आणि त्याने मुलांना तीन गोष्टी शिकवल्या: शर्ट चढव, क्रीम चोपड, टोपी घाल. नंतर शाळांनी नियम केला की टोपी नाही तर मैदान नाही. टोपी विसरलेल्या मुलाने मधल्या सुट्टीत सावलीत बसायचं. शिक्षक म्हणून मला हा नियम फार आवडतो. मुलाला अतिनील किरण कळोत न कळोत, खेळायला न मिळणं बरोबर कळतं! नॅम्बर या क्वीन्सलंडमधल्या गावात १९९२ पासून साडेचार वर्षं १,६२१ माणसांवर अभ्यास झाला. एका गटाला रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, दुसऱ्याला नेहमीसारखं वागू दिलं. रोज लावणाऱ्यांत एका जातीच्या कातडीच्या कर्करोगाच्या गाठी जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी निघाल्या. म्हणजे हे क्रीम काम करतं, यात शंका ठेवू नये.

आता आमच्या घरातला वाद.

माझ्या पुतण्याची मुलगी विदर्भातल्या एका मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात ती चार दिवस आमच्याकडे आली होती. तिच्याकडून मी सनस्क्रीनचं सगळं शिकून घेतलं. अतिनीलचे अ आणि ब असे दोन प्रकार पृथ्वीपर्यंत पोचतात, ब भाजतो, अ खोल जाऊन सुरकुत्या पाडतो. एसपीएफ १५ भाजणाऱ्या किरणांतले सुमारे ९३ टक्के अडवतो, ३० चा ९७, ५० चा ९८. म्हणजे आकडा दुप्पट झाला म्हणून संरक्षण दुप्पट होत नाही. हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर देऊन काढलेले असतात. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. सगळं तोंडपाठ. मी विचारलं, "मग तू लावतेस का गं?"

"आजोबा, पर्समध्ये असते ट्यूब."

"लावतेस का, ते विचारतोय."

"वॉर्डात कुठे ऊन असतं? आणि गाडीवर स्कार्फ असतोच की."

मी मास्तर. वही काढली. चेहरा आणि मान यांना सांगितलेल्या थराने लावायचं तर दोन बोटांवर रेघ ओढावी एवढं, म्हणजे दीड-दोन ग्रॅम लागतं. दिवसातून दोनदा म्हटलं तर चार ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब बारा-तेरा दिवसांत संपली पाहिजे. "ही कधी घेतली होतीस?" "दिवाळीत." ट्यूब अजून अर्धी होती. दोघंही हसलो. अशा ट्यूबा महिन्याला दोन-अडीच घ्यायच्या तर मेसचं बिल कुठून भरायचं, असा तिचा पुढचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

यात ती एकटी नाही. वैद्यकीय विद्यार्थ्यांना हेच प्रश्न विचारणारी सर्वेक्षणं कितीतरी देशांत झाली आहेत आणि बहुतेकांचा सूर एकच: माहिती पुरेशी, सवय अपुरी, मुली मुलांपेक्षा जास्त लावतात. वाचल्यावर पहिल्यांदा वाटतं, काय हे, उद्याचे डॉक्टर! पण मला हा निकाल घाईचा वाटतो. डॉक्टरांनी स्वतःची सवय बदलल्याचं एक मोठं उदाहरण इतिहासात आहे. १९५१ मध्ये ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी हजारो डॉक्टरांना पत्रं पाठवून ते सिगारेट ओढतात का, हे विचारलं आणि पुढे कोण कशाने मेलं ते नोंदवलं. १९५४ पासून निकाल येऊ लागले आणि सर्वसामान्यांच्या आधी डॉक्टरांनीच सिगारेट सोडायला सुरुवात केली. का सोडली? कारण ज्या फुप्फुसांबद्दल ते वाचत होते ती रोज वॉर्डात खोकताना दिसत होती. आमच्या मुलीच्या वॉर्डात काय दिसतं? तिथे उन्हाने झालेला कातडीचा कर्करोग क्वचित येतो. ज्या कर्करोगाचं गोऱ्या देशांत सगळ्यात भय, तो मेलानोमा आपल्याकडे मुळात विरळा, आणि होतो तेव्हा पुष्कळदा तळपायाला, जिथे ऊन पोचतच नाही. आपल्या कातडीतलं मेलॅनिन हेच आपलं जन्मजात सनस्क्रीन. फार मोठं नाही, पण गोऱ्या कातडीपेक्षा कितीतरी पट बरं. एव्हरार्ड होमचं काळं कापड आपण जन्मतःच पांघरलेलं आहे.

पुस्तकं मात्र दुसऱ्यांच्या कातडीवर लिहिलेली. फिट्झपॅट्रिक या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ मध्ये ऊन सोसण्याप्रमाणे कातडीचे प्रकार पाडले. ते चार होते आणि चारही गोरे! आपण आणि आफ्रिकेतले लोक पाचवा आणि सहावा म्हणून मागाहून जोडले गेलो. तेव्हा आपल्या विद्यार्थ्याने ज्ञान पाठ करावं पण अंगाला लावू नये, यात आळस आहे तसा थोडा अनुभवही आहे.

याचा अर्थ आपल्याला सनस्क्रीन नकोच, असा कुणी काढू नये. वांग आलेल्या बाईला ते हवं, कोड असलेल्याला हवं, ल्युपस झालेल्याला हवं, जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या मुलाला तर फारच हवं. लडाखला जाणाऱ्यालाही हवं. त्यांना ते औषध म्हणून मिळायला पाहिजे. पण आपल्या बाजारात ते येतं गोरेपणाच्या दुकानातून. "फेअर अँड लव्हली" १९७५ मध्ये आलं. २०२० मध्ये त्यातला "फेअर" गेला आणि "ग्लो" आला. पाटी बदलली, आत्या बदलल्या नाहीत. आमच्या मुलीला ती ट्यूब दिवाळीत दिली होती तिच्या मावशीने. कशासाठी, हे तिला ठाऊक आहे आणि म्हणूनच ती लावत नाही, असा माझा संशय आहे. "सावळी झालीस गं" हे वाक्य तिने लहानपणापासून ऐकलंय. कर्करोगासाठी लाव म्हटलं तर ती कदाचित लावेल. लग्नासाठी म्हटलं की ट्यूब पर्समध्येच राहणार. मला तिचं कौतुकच वाटतं. (मावशींनी राग मानू नये.)

आणि याच घरात दुसरी चिठ्ठी आहे. सौ.चं खुब्याचं हाड तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरात साधं घसरल्याचं निमित्त होऊन मोडलं. तपासणीत ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं. जन्मभर छत्री, पदर, बंद खिडक्या, दुपारी वाळ्याचे पडदे. डॉक्टर म्हणाले, उन्हात बसत जा. त्या दिवसापासून ती सकाळी सातला तुळशीपाशी कोवळ्या उन्हात बसते. तिला हे कोण सांगणार की ड जीवनसत्त्व करणारे किरण कोवळ्या उन्हात फारसे नसतात? सूर्य वर आल्यावरच ते वातावरणातून खाली उतरतात. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली की समजावं ते आले. तेच किरण भाजणारे, तेच हाड घडवणारे. दोन वेगळ्या किरणांची सोय निसर्गाने केलेली नाही. सौ.ला मी हे नातीकडूनच सांगवलं. नवऱ्याचं कोण ऐकतं! आता ती जेवणाआधी अकराच्या सुमाराला पंधरा-वीस मिनिटं बसते, हात-पाय उघडे, डोक्यावर पंचा. एप्रिल-मे मात्र वगळून, आणि डॉक्टरांची गोळी चालू ठेवून.

म्हणजे नात म्हणते ऊन टाळा आणि आजी म्हणते उन्हात बसा, असा हा वाद. दोघींची चिठ्ठी डॉक्टरांचीच! दिल्लीत झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात सैनिक होते आणि डॉक्टर-नर्सही होत्या. उघड्यावर कवायत करणाऱ्या सैनिकांमध्ये ड जीवनसत्त्व बऱ्यापैकी, आणि इस्पितळातल्या डॉक्टर-नर्समध्ये फारच कमी. हचिसन-शहांच्या नाशिकनंतर ७८ वर्षांनी तीच कथा, फक्त पडद्याची जागा पांढऱ्या कोटाने घेतलेली. पहाटे अंधारात वॉर्डात आणि रात्री अंधारात होस्टेलवर. या मुलांना ऊन टाळायला शिकवावंच लागत नाही.

मुलीला मी आणखी एक विचारलं: उष्माघाताचा रोगी आला तर पहिल्यांदा काय करायचं? तिने तडक सांगितलं. आधी अंग गार करायचं, पाणी, बर्फ, पंखा, मग बाकीचं. हे तिला पुस्तकातून आलेलं नव्हतं, एप्रिल-मेच्या ड्यूटीतून आलेलं होतं. आपल्याकडे मारणारं ऊन ते, तांबड्यापलीकडचं. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी एका सोहळ्याला उघड्या मैदानात बसलेली दहाहून जास्त माणसं गेली. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यातल्या मृत्यूंनंतर २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला, तो पुढे इतर शहरांनी उचलला. त्यात सनस्क्रीन नाही. सावली आहे, पाणी आहे, कामाच्या वेळा आहेत. खडी फोडणाऱ्या बायांना तेव्हाही तेच हवं होतं.

पुण्याकडे दुचाकीवरच्या मुली स्कार्फने चेहरा असा गुंडाळतात की आईलाही ओळखू येऊ नये, त्यावर मागे खूप टवाळी झाली. डाकू म्हणत. मला तो स्कार्फ या सगळ्या इतिहासातली सगळ्यात शहाणी वस्तू वाटतो. कुणा डॉक्टरने सांगितला नाही, कुठल्या सरकारने सक्ती केली नाही. धूळ अडते, ऊन अडतं, दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही, शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, आणि शिवाय चौकातल्या टवाळांना चेहरा दिसत नाही! एका सवयीला चार कारणं असली की ती टिकते. सोला टोपीलाही अशीच भलतीच कारणं होती.

ऑस्ट्रेलियाचं एक राहिलं. ज्या देशाने टोपी नाही तर मैदान नाही म्हटलं, तिथल्याच तज्ज्ञांनी अलीकडे नव्या सूचना काढल्या आहेत. सगळ्यांना एकच सल्ला देण्याऐवजी त्यांनी कातडीप्रमाणे माणसांचे तीन गट केले. फार गोऱ्यांनी सांभाळूनच राहावं, ज्यांची कातडी गडद आहे त्यांनी मात्र हाडांसाठी उन्हात वेळ घालवावा; रोजच्या साध्या वावराला क्रीमची गरज नाही, फार वेळ उन्हात राहायचं असेल तर बघावं. हे मी मुलीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आजोबा, परीक्षेत हे लिहिलं तर मार्क जातील." मी म्हटलं, मग परीक्षेत लिहू नकोस. तिची परीक्षा डिसेंबरात आहे.